शिकणाऱ्याची चूक कोणाच्या खात्यावर?

आपल्या शाळेतून गेलेली मुले पुढे काय करतात, हे पाहण्याची मला जुनी खोड आहे. गणितात काठावर पास झालेला माझा एक विद्यार्थी आज बेळगावात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. गेल्या उन्हाळ्यात माझा फोन चार्ज होईना, म्हणून मी त्याच्याकडे गेलो. शेजारी सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा मान मोडून काम करत होता. "सर, हा आयसी बदलायला शिकतोय. सध्या भंगार बोर्डावरच," तो म्हणाला.

मी स्टूल ओढून बसलो. नखापेक्षाही लहान ती चिप. तिला बाहेर पाय नसतात. पोटाखाली कथलाचे बारीक गोळे असतात आणि त्यांवरच ती बोर्डाला चिकटलेली असते. शेजारचे भाग उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायचे, फ्लक्स लावायचा आणि वरून गरम हवा सोडायची. जुन्या पद्धतीचे शिसेमिश्रित सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते. शिसेविरहित सोल्डरला २१७ च्या पुढे जावे लागते. चिमट्याने चिपला हलकेच ढकलावे. सरकून ती आपोआप जागेवर आली, तर खालचे सारे वितळले असे समजावे. त्याआधी उचलण्याची घाई केली, तर बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या उखडून येतात. पाटीवरची चूक पुसता येते. ही सहसा पुसता येत नाही.

तिथे बसल्या बसल्या माझ्या मास्तरी डोक्यात प्रश्न आला. भंगार बोर्ड कोणाचाच नसतो. पण कितीही बोर्ड जाळले, तरी पहिला खरा फोन कोणाचा तरी असणारच. शिकाऊ हाताला कोणी काही दिलेच नाही, तर उद्याचा कारागीर यायचा कोठून? आणि दिले व बिघडले, तर ते नुकसान सोसायचे कोणी?

तेवढ्यात खेड्यातली एक बाई आली. फोन पूर्ण बंद. आत वारलेल्या नवऱ्याचे फोटो होते, दुसरीकडे कोठेही नव्हते. माझ्या विद्यार्थ्याने बोर्ड तपासला. बिघाड मुख्य प्रोसेसरपाशी होता. हल्लीच्या फोनांत साठवलेली माहिती प्रोसेसरशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असते. तो प्रोसेसर मेला, की फोटोही गेले. तसले काम त्याने आजवर भंगार बोर्डांवरच केले होते. क्षणभर थांबून तो म्हणाला, "ननग बरंगिल्ल, अक्का." आणि हे काम करणाऱ्या परगावच्या माणसाचा पत्ता त्याने लिहून दिला.

वाचकहो, आपण दुभाषी मुलखातली माणसे. 'मला येत नाही' हे मराठीत आणि कानडीत आपण एकाच ठेवणीने म्हणतो. विद्या दोन्ही भाषांत माणसाकडे 'येते'. ती आलेली नाही हे गिऱ्हाइकासमोर सांगता येणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे. गणिताच्या पेपरात मी त्याला यासाठी एकही गुण दिला नव्हता.

बाई गेल्यावर मी म्हणालो, "माझ्या फोनवर शिकू दे याला." तो हसला नाही. "आधी फोटो आणि नंबर काढून घेऊ. बिघडला तर बोर्डाचे पैसे माझे." मगच पोराने हवेची नळी हातात घेतली. मालक त्याच्या खांद्याशी उभा राहिला. चिप सरकली, जागेवर आली, निघाली. नवी बसवताना पोराने ठिपक्याची खूण दोनदा पाहिली. फोन चार्ज झाला. न होता, तरी मला तक्रार नव्हती. कारण मला सारे सांगितलेले होते, आणि गमावण्याजोगे माझे त्यात फारसे काही उरले नव्हते. बाईंची गोष्ट तशी नव्हती.

माझ्यापुरते उत्तर एवढेच आहे. शिकणाऱ्याच्या चुकीचा भार ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला पेलवतो, त्यानेच उचलावा. नकळत तो दुबळ्याच्या खांद्यावर टाकला, तर काम साधले तरी ती लबाडीच.

हे लिहिताना माझीच एक थकबाकी आठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला नववीची भूमिती दिली होती. मला ती शिकवता येत नव्हती. समोर चाळीस मुले होती. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांची नववी पुन्हा येणार नव्हती. 'मला येत नाही' हे शब्द वर्षभर माझ्या तोंडून निघाले नाहीत. मास्तराला भंगार बोर्ड मिळत नाही, ही सबब खरी असली तरी अपुरी आहे.

ते देणे आता फिटणार नाही. मात्र नवा शिक्षक रुजू झाला, की पहिले काही महिने मी अधूनमधून त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो. मुलांना आधीच सांगतो, सर नवे आहेत, अडले तर विचारा. जो धडा बिघडला, तो दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून पुन्हा घेतो.