बावटा लागल्यावर देवावरचा भरवसा



बंदरावर बावटा लागला तरी ‘देव आहे ना सांभाळायला’ म्हणून होडी लोटू पाहणारे आपल्या कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरही भेटतात. हा भरवसा खरा का?

शुभवर्तमानात (मत्तय, अध्याय 4) सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाकायला सांगतो. देवदूत झेलतील, असे शास्त्रवचनही दाखवतो. प्रभू उडी टाकत नाही. पित्यावरचा विश्वास कमी पडला म्हणून नव्हे!

संत थॉमस अक्वायनस 13व्या शतकात शिकवून गेले की, देव जगाचा कारभार आपल्या निर्मितीच्या हातूनही चालवतो. मग हवामान खात्याचा इशारा, जुन्या तांडेलाचा सल्ला, हेही त्याचेच मार्गदर्शन का नसावे? आपण मात्र स्वप्नात खुणा शोधत बसतो.

मे 2021 च्या तौक्ते वादळात देवगडच्या आनंदवाडी बंदरात नौका बुडाल्या, खलाशी दगावले. अशा मरणावर ‘देवाची मर्जी’ हे शब्द घाईने ठेवू नयेत, असे आम्हाला वाटते.

श्रद्धेची कसोटी घरी थांबण्यातच अधिक लागते. कर्जाचा हप्ता तोंडावर, डिझेल भरलेले, आणि दर्यावर जायचे नाही. तो रिकामा दिवस देवाच्या हाती सोपवणे कठीण. मालकाने तर आणखी एक विचारावे: माझ्या भरवशावर मी माझा जीव ठेवीन, पण खलाशाचा कोणत्या अधिकाराने?

बावटा लागलेल्या आठवड्यात ज्यांची चूल अडते, त्यांनी मिस्सेनंतर संकोच न करता आम्हाला भेटावे.