लाजराचे फोड व कुत्र्यांची जीभ

लूककृत शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातील लाजर आपणांस ठाऊक आहे. श्रीमंताच्या दाराशी तो फोडांनी भरलेला पडून राही, व कुत्रे येऊन ते फोड चाटीत. यावरून कुत्र्याची जीभ म्हणजे औषधच, असे म्हणणारे पुष्कळ आम्हांस भेटले आहेत.

हे म्हणणे अगदीच निराधार नव्हे. लाळेत जंतूंचा नाश करणारे लायसोझाइम नामक द्रव्य असते; ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. पुढे स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथींत कातडीची वाढ करविणारा पदार्थ आढळला, व १९८६ साली अशा शोधाबद्दल नोबेल पारितोषिकात त्यांस वाटा मिळाला. मुक्या जनावरास ना वैद्य, ना पट्टी. उत्पन्नकर्त्याने त्याच्या मुखातच थोडीशी सोय केली आहे.

परंतु त्याच मुखात घातक जंतूही वसतात. पिसाळ रोगाचे विष लाळेतूनच पसरते. दात न लागता उघड्या जखमेवर नुसती जीभ फिरली तरी ते शरीरात शिरू शकते. आणि कुत्रा पिसाळलेला दिसण्यापूर्वी काही दिवस ते त्याच्या लाळेत असू शकते. रोगाची लक्षणे उमटल्यावर मनुष्य क्वचितच वाचतो. त्यापूर्वी मात्र उपाय आहे. १८८५ साली लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टर यास लस टोचविली, व तो जगला.

म्हणून कुत्र्याने जखम चाटल्यास ती तत्काळ साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, व डॉक्टर सांगतील तितक्या वेळा लस घ्यावी. घरच्या कुत्र्यासही लस टोचवावी.

बंधूंनो, कुत्र्यांजवळ जीभ होती; तेवढीच त्यांनी लाजरास दिली. श्रीमंताजवळ पाणी होते, तलम वस्त्रे होती, चाकर होते. त्याने काहीच दिले नाही. आज आपल्या ओटीवर एखादा म्हातारा पायाचा व्रण उघडा टाकून निजला असेल, आणि कुत्रा त्याजजवळ आला असेल. त्या वेळी कुत्र्याचे कौतुक करून आपण आत जेवावयास बसलो, तर आपण कोणाच्या पंगतीस बसलो? उठावे, पाणी आणावे, व तो पाय आपल्या हातांनी धुवावा.