संपणे आणि हरवणे

नळदुर्गला रेल्वे नाही. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव किल्ल्यासाठी ओळखले जाते, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यासाठी आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणाऱ्या नर-मादी धबधब्यांसाठी. मग नळदुर्गच्या माणसांनी जुन्या, छोट्या डिझेल इंजिनांचे पुढे काय झाले याची चौकशी का करावी? आमचे उत्तर असे की हा प्रश्न इंजिनांचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. जी वस्तू आयुष्यभर माणसांच्या उपयोगी पडली, तिचे काम संपल्यावर तिच्याविषयी आपले काही देणे उरते का? उरत असेल तर ते कोणते? हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्या गावात रूळ असलेच पाहिजेत असे नाही.

शिवाय आमचा जिल्हा छोट्या रेल्वेला अगदी अपरिचितही नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली बार्शी लाईट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडीहून, म्हणजे त्या काळच्या बार्शी रोडहून, बार्शीपर्यंत धावू लागली. 1911 साली ती लातूरला पोचली आणि 1927 साली दुसऱ्या बाजूने मिरजेला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. जिल्ह्यातून ही गाडी जात असे, पण जिल्ह्याच्या गावात शिरत नसे. उस्मानाबादकरांना, आजच्या धाराशिवकरांना, गाडीसाठी येडशीला जावे लागे. 1 जानेवारी 1954 रोजी ही खाजगी रेल्वे सरकारने घेतली. आधी वाफेची इंजिने होती, पुढे डिझेलची आली. 2007 आणि 2008 या दोन वर्षांत लातूर ते कुर्डुवाडी हा भाग ब्रॉडगेज झाला आणि धाराशिव शहराला पहिल्यांदा स्वतःचे स्टेशन मिळाले.

ब्रॉडगेज झाल्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. लातूरचा विद्यार्थी, बार्शीचा व्यापारी, मुंबईला दवाखान्यात जाणारा रुग्ण या सगळ्यांची त्यामुळे सोय झाली. पण अडीच फुटी रुळावरचे इंजिन साडेपाच फुटी रुळावर चालत नाही. रूळ उखडले त्या दिवशी धडधाकट इंजिनही बेकार झाले. यंत्रात काही बिघाड नसताना त्याची दुनियाच संपली. माणसांच्या बाबतीतही असे घडते. हातमाग बंद पडला तेव्हा विणकराच्या हातातले कसब संपलेले नव्हते.

अशा इंजिनासमोर तीन वाटा असतात. एक, दुसऱ्या छोट्या लाईनवर बदली. दुसरी, स्टेशनाबाहेरच्या चौथऱ्यावर किंवा संग्रहालयात जागा. तिसरी, भंगार. पहिली वाट दिवसेंदिवस अरुंद होत गेली. विदर्भात मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतलेचे मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन 1994 साली निवृत्त झाले आणि तिथे डिझेल इंजिन आले. पुढे ती गाडीच बंद पडली. नागपूरभोवतीचे नॅरोगेजचे जाळेही ब्रॉडगेजसाठी उखडले गेले. बदलीवर पाठवायला लाईनच उरली नाही. दुसऱ्या वाटेवर जागा मोजकी आहे, आणि ती कोणाला मिळते हे पाहण्यासारखे आहे.

यासाठी माथेरानचे उदाहरण घ्यावे, कारण ते आपल्या वाचकांच्या जवळचे आहे. नेरळ ते माथेरान ही दोन फुटी डोंगरी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी घातला. मुंबईतले हे बोहरा मुस्लिम घराणे. 1904 साली काम सुरू झाले आणि 1907 साली गाडी डोंगर चढली. तीव्र वळणे घेता यावीत म्हणून धुरा बाजूला सरकू शकतील अशी खास रचना असलेली चार इंजिने जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीकडून आणली होती. त्यांना पुढे 738 ते 741 हे क्रमांक मिळाले. यातल्या एकाला दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जागा मिळाली. 740 क्रमांकाचे इंजिन अमेरिकेला गेले, तिथून इंग्लंडला आणले गेले आणि तिथल्या हौशी लोकांनी ते पुन्हा चालते केले. समुद्र ओलांडून गेलेल्या या इंजिनाचा मुक्काम न् मुक्काम लोकांना माहीत आहे.

आता याच डोंगरावरच्या डिझेल इंजिनांकडे पाहा. 1950 च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्याच अर्नोल्ड युंग कंपनीची छोटी डिझेल इंजिने माथेरानला आली. त्यांनीही तेच चढ चढले, तीच वळणे घेतली, पर्यटकांबरोबर माथेरानच्या लोकांचे सामानसुमानही वर नेले. पण त्यांच्यावर जीव टाकणारे थोडेच. वाफेचे इंजिन धूर सोडते, शिट्टी घालते, त्याचे दांडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हलतात. डिझेल इंजिन म्हणजे पत्र्याची पेटी. आत काय चालले आहे ते दिसत नाही. जुने म्हणून जपावे इतके ते जुने वाटत नाही आणि वापरावे इतके नवे राहिलेले नसते. साखर कारखान्यांच्या ट्रामलाईनी, खाणी, वीटभट्ट्या, चहाचे मळे अशा ठिकाणी जगभर राबलेल्या छोट्या डिझेल इंजिनांची हीच गत झाली. देखणेपणावर इन्साफ ठरला की असेच होते. कष्ट सारखे असले तरी आठवण सारखी राहत नाही.

अशा इंजिनांचा माग काढणारे लोक जगात आहेत. त्यांची पद्धत साधी आहे. प्रत्येक इंजिनावर कारखान्याची एक पाटी असते. तीवर बनवणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि साल. कारखान्याच्या वहीत त्या क्रमांकापुढे पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव असते. तिथून पुढे दुसरा मालक, तिसरा मालक अशी साखळी जोडत जायचे. मधल्या काळात पोटातले डिझेल यंत्र बदललेले असते, चाके बदललेली असतात, रंग तर कितीदा बदललेला. मग हे तेच इंजिन कशावरून? चौकटीवरून आणि क्रमांकावरून, असे हे लोक म्हणतात. म्हणजे अवयव बदलले तरी ओळख टिकते, पण नोंद तुटली की ओळखही तुटते. आणि नोंद तुटते ती बहुधा लिलावात. भंगार वजनावर विकले जाते, आणि वजनाला नाव नसते.

नळदुर्गकरांना हे समजायला कठीण नाही. आमच्या किल्ल्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधला गेला. तिथल्या शिलालेखात मीर मुहम्मद इमादीन हे बांधणाऱ्याचे नाव आहे. नदीचे पाणी चारशे वर्षे त्या भिंतीवरून जात राहिले. आदिलशाही गेली, मोगलाई गेली, निजामाची सत्ताही 1948 साली संपली. पण एका कारागिराचे नाव टिकले, कारण कोणीतरी ते दगडात कोरून ठेवले. इंजिनावरची पाटी हा त्या इंजिनाचा शिलालेखच होय. ती उचकटून कोणाच्या दिवाणखान्यात लागली की भिंतीला शोभा येते आणि इंजिन बेवारस होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लोखंड म्हणजे लोखंड. ते वितळते, त्याच्या सळया होतात, त्या सळयांवर कोणाचे तरी घर उभे राहते. यात वाईट काय? काहीच नाही, असे आमचेही मत आहे. भंगाराचा धंदा करून आपल्या समाजातल्या कित्येक कुटुंबांनी इज्जतीने मुले वाढवली आहेत. टाकून दिलेल्या वस्तूतून उपयोगाची वस्तू बाहेर काढणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. उलट, सगळे काही जपून ठेवा म्हणणाऱ्यापेक्षा तो जगाला अधिक ओळखतो. प्रत्येक इंजिन चौथऱ्यावर चढवले तर गावोगाव गंजलेल्या लोखंडाची स्मारके उभी राहतील आणि त्यांच्याकडे बघायला कोणी फिरकणार नाही.

मग मागणी तरी कशाची? इथे संपणे आणि हरवणे यांत फरक केला पाहिजे. आपल्या कबरस्तानात याचे उत्तर आहे. आपल्याकडे साधी, कच्ची कबर चांगली मानली जाते. जागा अपुरी असते, म्हणून वर्षे लोटल्यावर त्याच मातीत दुसऱ्याचे दफन होते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पण जनाज्याला चार माणसे उभी राहतात. कोण गेले, कोणाचा कोण, कोणत्या दिवशी, हे त्यांना माहीत असते. मागे काही कर्ज राहिले का, हे विचारले जाते. मातीत मिसळण्याला कोणाची हरकत नसते; बेवारस मिसळण्याने मात्र सगळ्यांचा जीव कासावीस होतो. संपणे हा निसर्गाचा नियम आहे. हरवणे ही मागे राहिलेल्यांची हयगय आहे. इंजिनाचेही असेच समजावे. ते कापले जावो, वितळो. अमुक क्रमांकाचे इंजिन अमुक साली अमुक ठिकाणी मोडीत निघाले, एवढी एक ओळ लिहिलेली असावी. वस्तूचे आपल्यावर एवढेच देणे आहे, आणि ते फेडायला पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. माणसांचा पत्ता लागत नाही अशा देशात इंजिनांचा पत्ता कसला शोधता? दुष्काळात गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्यांची, शहरात मजुरीला जाऊन परत न आलेल्यांची यादी कोणी केली आहे? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. 740 क्रमांकाचे इंजिन कुठे कुठे फिरले हे सांगता येते, पण त्याच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे नाव सांगता येत नाही. ही विषमता लाजिरवाणीच आहे.

मात्र तिच्यावरचा इलाज इंजिनाची नोंद खोडणे हा नव्हे. इंजिनाच्या नोंदीशेजारी माणसाची नोंद बसवणे हा आहे. यंत्र एकटे कधीच चालत नाही. लोको शेडमध्ये फिटर, खलाशी, ड्रायव्हर म्हणून सगळ्या जातिधर्मांची माणसे राबली. त्यांत आपलीही होती. त्यांच्या नातवंडांना आजोबा रेल्वेत होते एवढे ठाऊक असते, त्यापलीकडे धागा सापडत नाही. तो धागा पुष्कळदा इंजिनाच्या क्रमांकातूनच सापडू शकतो. क्रमांकावरून शेड कळते, शेडवरून साल, सालावरून हजेरीपट. निर्जीव वस्तूचा माग काढता काढता जिवंत माणसापर्यंत पोचता येते. आणि जो लोखंडाच्या बाबतीत बेफिकीर असतो, तो माणसांच्या बाबतीत दक्ष असतो, असे आमच्या पाहण्यात नाही. हयगय ही सवय आहे. ती एका खोलीत कोंडून राहत नाही.

आपल्या समाजाला तर हे अधिक लागू आहे. या मातीत आम्हीही घडलो, आम्हीही घडवले, असे आपण सभासंमेलनांतून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण कोणी पुरावा मागितला की आपण किल्ल्यांकडे आणि बादशहांकडे बोट दाखवतो. पीरभॉयांचे नाव राहिले, कारण ते धनवान होते. डोंगर फोडणारे, रूळ अंथरणारे, इंजिन दुरुस्त करणारे यांची नावे राहिली नाहीत, कारण ती लिहून ठेवण्याचे काम आपले आहे असे कोणालाच वाटले नाही. सत्तेने आपली नोंद ठेवली नाही ही तक्रार रास्त आहे. पण स्वतःच्या घरातली नोंद ठेवायला सत्तेची परवानगी लागत नाही.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये झाली. हे रूळही ब्रॉडगेजचे, आणि त्यांवरची यंत्रेही एक दिवस जुनी होतील. घराघरांत जुन्या पेट्या असतात. त्यांत पगाराची चिठ्ठी, रेल्वेचा पास, पितळी बिल्ला, शेडमधला एखादा फोटो असतो. रद्दीवाला दारात येण्याआधी त्यांवरची नावे, गावे आणि साल एका वहीत उतरवून घ्यावे. कागद पुढे जीर्ण झाला तरी चालेल. तो जीर्ण होईल, पण हरवलेला नसेल.