शांतीची खूण आणि सातबारा



रविवारच्या मिस्सेत प्रभूची प्रार्थना झाली की धर्मगुरू आपल्याला एकमेकांना शांतीची खूण देण्यास सांगतात. आपण उजवीकडे वळतो, डावीकडे वळतो, मागच्या बाकावरच्या अनोळखी माणसालाही हसून हात जोडतो. हे चांगलेच आहे. पण एकाच ओटीवर वाढलेले सख्खे भाऊ असेही असतात की एक पहिल्या मिस्सेला येतो, म्हणून दुसरा मुद्दाम दुसऱ्या मिस्सेला येतो. चुकून एकत्र आलेच, तर बाके वेगळी आणि बाहेर पडायचे दरवाजेही वेगळे. दोघेही ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात, दोघेही घरी जातात, अबोला मात्र तसाच राहतो. मग ही शांती आपण कुणाला देतो? ज्यांच्याशी आपले कधी भांडणच झाले नाही, त्यांनाच ना?

आपल्या वसईत या अबोल्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बहुतेक वेळा ते सातबाऱ्यावर सापडते. ज्या वाड्यांत केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकत होता, तिथे जमिनीचा भाव आधी गुंठ्याने आणि मग चौरस फुटाने बोलला जाऊ लागला. वडील मृत्युपत्र न करताच देवाघरी जातात. सातबाऱ्यावर सर्वांची नावे चढतात. मग फूटभर बांध, वाडीत जायची वाट, बावखलाच्या पाण्याची पाळी आणि शेवटी बहिणीची सही, असे एकेक निघत जाते. तलाठी, तहसीलदार, वकील, तारखा. खटला वर्षानुवर्षे चालतो. ज्यांनी भांडण पाहिलेही नाही ती चुलत भावंडे एकाच वर्गात बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

अशा वेळी आपली श्रद्धा आपल्याकडून काय मागते? यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. काही जण म्हणतात, “ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, हक्क सोडून द्यावा.” दुसरे म्हणतात, “धर्म चर्चमध्ये, व्यवहार व्यवहाराच्या जागी.” आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

आधी पहिले उत्तर घेऊ. आपला न्याय्य वाटा मागणे हे पाप नाही. दुसऱ्याचे ते लुबाडू नये, ही तर देवाचीच आज्ञा आहे. शिवाय ‘सोडून दे’ हा उपदेश घरात कुणाला केला जातो, हेही पाहिले पाहिजे. तो बहुधा बहिणीला केला जातो. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेचा एकतृतीयांश हिस्सा विधवा पत्नीला मिळतो आणि उरलेला मुलामुलींना सारखा मिळतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. तरीही वडिलांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, पाहुणे अजून ओटीवर असतानाच, हक्कसोडाचा कागद बहिणीपुढे सरकवला जातो. “माहेर हवे ना तुला?” एवढा प्रश्न पुरतो. तिने राजीखुशीने दिले, तर ते दान आहे. माहेर तुटेल या भीतीने सही केली, तर त्या घरात शांती आली असे म्हणता येणार नाही. तिथे फक्त कुणी बोलेनासे झाले आहे.

आता दुसरे उत्तर. लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, गर्दीतला एक माणूस प्रभू येशूला म्हणतो, माझ्या भावाला वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटा मला द्यायला सांगा. अगदी आपल्याकडचाच प्रश्न! येशू न्यायाधीश होण्यास नकार देतो. त्या माणसाची मागणी खोटी आहे, असे तो म्हणत नाही. मात्र लगेच तो सर्वांना लोभापासून सावध करतो आणि कोठारे वाढवत बसलेल्या, त्याच रात्री मरण पावणाऱ्या धनवानाचा दाखला देतो. वाटणी किती फुटांची व्हावी, ते कोर्ट ठरवील. त्या वाटणीपायी आपल्या मनाचे काय होते आहे, हे मात्र कोर्ट पाहत नाही. ते प्रभू पाहतो. म्हणून व्यवहार श्रद्धेच्या बाहेर ठेवता येत नाही.

मत्तयच्या पाचव्या अध्यायातला उपदेश आपण अनेकदा ऐकला आहे: वेदीपाशी अर्पण आणले असता भावाची आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. पण तो वाचताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे का, असे येशू तिथे विचारत नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, हे तो आठवायला सांगतो. आपल्याला आपली तक्रार तोंडपाठ असते. भावाने कोणत्या साली कुंपण सरकवले, वहिनी कोणाच्या लग्नात काय बोलली, सगळे तारीखवार आठवते. त्याच्या वहीत आपल्याबद्दल काय लिहिले असेल, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आईच्या आजारपणात रात्री कोण जागले? शिकायला आणि नोकरीला कोण बाहेर पडले, आणि वाडी शिंपायला कोण मागे राहिले? तो हिशोब सातबाऱ्यावर नसतो. भावाचा राग मात्र अनेकदा त्याच हिशोबाचा असतो.

मिलान शहराच्या प्राचीन अँब्रोसियन उपासनेत शांतीची खूण अर्पणाच्या आधी दिली जाते. आपल्या रोमन उपासनेतही ती तिथे न्यावी का, यावर विचार झाला होता. पण २०१४ साली व्हॅटिकनने ती ख्रिस्तप्रसादाआधीच ठेवण्याचे कळवले. जागा कोणतीही असो, अर्थ एकच आहे: भावाला ओलांडून वेदीपर्यंत जाणारी वाट नाही.

‘पण तो ऐकतच नाही, त्याला काय करावे?’ हा प्रश्न रास्त आहे. समेट दोघांनी करायचा असतो. संत पौलही रोमकरांस लिहिताना, आपल्याकडून होईल तितके करावे, एवढेच सांगतो. समेट म्हणजे पुन्हा एका चुलीवर येणेही नव्हे. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडणे झाली, तेव्हा वडीलधाऱ्या अब्राहामाने जमीन निवडण्याचा पहिला मान पुतण्याला दिला आणि दोघे वेगळे झाले. याकोब आणि एसाव वीस वर्षांनी भेटले, गळ्यात पडून रडले आणि नंतर आपापल्या वाटेने गेले. मात्र इसहाक वारला तेव्हा त्याला पुरायला दोघेही मुलगे होते. आपल्याकडेही भाऊ एकत्र येतात ते दफनभूमीतच. पण एसाव आणि याकोब त्याआधी भेटले होते.

म्हणून काही साध्या गोष्टी आपण करू शकतो. ज्यांच्या नावावर जमीन आहे, त्यांनी हातीपायी धड असतानाच मुलामुलींना एकत्र बसवून बोलावे आणि मृत्युपत्र करावे. वाटणीची बोलणी बहिणीच्या वाट्यापासून सुरू करावीत. कोर्टात जाण्याआधी दोघांचा विश्वास असलेल्या माणसासमोर एकदा बसावे. खटला चालू असेल तर तो चालू द्यावा, पण भाऊ आजारी पडला तर भेटायला जावे, बावखलाचे पाणी अडवू नये, आणि आपले भांडण मुलांच्या दप्तरात भरू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस कुटुंबांना वारंवार सांगत, घरात समेट केल्यावाचून दिवस संपवू नका. आपल्यापैकी काहींचा तो दिवस वीस वर्षे लांबला आहे.

येत्या रविवारी शांतीची खूण देताना शेजाऱ्याकडे वळण्याआधी क्षणभर थांबूया. जो दुसऱ्या मिस्सेला येतो, त्याचे नाव मनात घेऊया. आणि शक्य असेल, तर त्या दिवशी त्याच्याच मिस्सेला जाऊया.