चित्रतुरग आणि नभोवाणी : कल्पिताच्या नीतीचा एक प्रश्न

चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा आहे' अशी जी प्रतीती येते ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्याज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. 'अभिनवभारती'त नोंदले गेलेले शंकुकाचे हे मत आपल्याकडील काव्यशास्त्रविचारात वारंवार चर्चिले गेले आहे. या चर्चेत एक गोष्ट बहुधा गृहीत असते. घोड्याभोवती फलक असतो, भिंत असते. नाट्यप्रयोगात नांदी, नेपथ्य आणि शेजारी बसलेला दुसरा प्रेक्षक असतो. ही चौकट कलावंताने जाणूनबुजून काढून घेतली, तर या वेगळ्या प्रतीतीचे काय होते, आणि ती न टिकल्यास त्याची जबाबदारी कोणाची? विज्ञानकथेच्या नभोनाट्याने हा प्रश्न सौंदर्यशास्त्रातून उचलून नीतिशास्त्रात आणून ठेवला.

३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री सीबीएस या अमेरिकन प्रसारणसंस्थेवरून ऑर्सन वेल्स यांच्या 'मर्क्युरी थिएटर'ने 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सादर केले. एच. जी. वेल्स यांची मूळ कादंबरी (१८९८) म्हणजे संकटातून बचावलेल्या माणसाने मागे वळून सांगितलेली हकीकत. निवेदक भूतकाळात बोलतो, अर्थात तो जिवंत राहिला आहे, हे आश्वासन क्रियापदाच्या रूपातच दडलेले असते. हॉवर्ड कॉख यांच्या संहितेने पहिल्या भागात नेमके हेच आश्वासन काढून घेतले. नृत्यसंगीत चालू आहे. ते तोडून वृत्तनिवेदन येते. पुन्हा संगीत, पुन्हा निवेदन. न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल येथून बोलणारा वार्ताहर मध्येच तुटतो आणि त्यानंतर काही क्षण केवळ शांतता. ही भूमिका करणाऱ्या फ्रँक रेडिक यांनी पूर्वतयारी म्हणून १९३७ च्या हिंडेनबर्ग दुर्घटनेचे ध्वनिमुद्रित वृत्तकथन ऐकले होते. प्रसारणसंस्थेच्या आग्रहावरून संहितेतील काही खऱ्या संस्थांची नावे बदलण्यात आली. अंतर्गत व्यवहार मंत्र्याच्या भूमिकेत मात्र केनी डेल्मार यांनी जो आवाज लावला तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारखा. नावापुरती सावधगिरी बाळगली गेली आणि आवाजाची प्रतिष्ठा तशीच वापरली गेली.

या प्रयोगाचे समर्थन दोन अंगांनी केले जाते. पहिले असे की, हे नाटक आहे ही घोषणा प्रारंभी, मध्यंतरी आणि अखेरीस झालीच होती. परंतु मधली घोषणा सुमारे चाळीस मिनिटांनंतर आली, आणि नभोवाणीचा श्रोता नाट्यगृहाच्या दारातून आत येत नाही. तो कोठूनही, कधीही प्रवेश करतो. दुसरे समर्थन श्रोत्याच्या भोळेपणाचे. ते टिकत नाही, याचा पुरावा त्याच रात्रीचा आहे. त्याच वेळी एनबीसीवर एडगर बर्गन या शब्दभ्रमकाराचा कमालीचा लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. ज्याचे ओठ दिसत नाहीत त्या माणसाचा शब्दभ्रम लोक आनंदाने ऐकत होते! डोळ्यांना चौकट नसतानाही श्रोता शंकुकाची प्रतीती सहज घेऊ शकतो, मात्र करार उघड असावा लागतो. दोष माध्यमाचा किंवा श्रोत्याचा म्हणून सुटका होत नाही. प्रश्न घाटाचा आहे.

हॅडली कँट्रिल यांच्या १९४० च्या अभ्यासात सुमारे साठ लाख श्रोत्यांपैकी बारा लाख भयभीत झाल्याचा अंदाज होता. अलीकडच्या संशोधनाने, विशेषतः ए. ब्रॅड श्वार्ट्झ यांच्या २०१५ च्या ग्रंथाने, देशव्यापी घबराटीची कथा बरीचशी वृत्तपत्रांनी फुगवलेली होती असे दाखवले आहे. मग नैतिक प्रश्नही विरून जातो काय? फसलेल्यांची संख्या कमी निघाली म्हणून फसवणुकीचे स्वरूप बदलत नाही. बातमीचा आवाज हे इतरांनी दीर्घकाळ पाळून उभे केलेले वचन असते. ते उसने घेणारा दुसऱ्याची पत खर्च करतो. १९३८ च्या सप्टेंबरात म्युनिकच्या पेचप्रसंगी हाच आवाज युद्धाच्या वार्ता सांगत होता.

येथे एक आक्षेप संभवतो. 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) हेही नायकाचे स्वतःचे कथन म्हणूनच प्रसिद्ध झाले होते. मग कादंबरीचा जन्मच अनैतिक ठरवायचा काय? ग्रंथाचा वाचक फसला तरी त्याच्याकडून तत्क्षणी कोणतीही कृती अपेक्षित नसते. वृत्तनिवेदन घर सोडा, रस्ते मोकळे ठेवा, असे सांगते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) मांडलेल्या लौकिक-अलौकिक ध्रुवांच्या भाषेत बोलायचे तर, अशी कृती अलौकिकाचे संरक्षण मागते आणि लौकिकात आज्ञा देते. दोन्ही हक्क एकाच वेळी मिळू शकत नाहीत.

१२ फेब्रुवारी १९४९ रोजी इक्वेडोरमध्ये 'रेडिओ क्विटो'ने याच कथेचे स्थानिक रूपांतर केले. मंगळवासी शहराजवळच उतरले, मंत्र्याच्या आवाजासारखा आवाज शांततेचे आवाहन करू लागला आणि लोक रस्त्यावर आले. हे नाटक होते असे जाहीर होताच जमावाने केंद्राची इमारत पेटवली. त्यात माणसे मेली. जाळणाऱ्यांचे समर्थन कोणी करणार नाही. तरी त्यांचा संताप मंगळवासीयांवर नव्हता. खुलासा झाल्यानंतरच तो उसळला, ही बाब दृष्टीआड करता येत नाही.

याउलट १९४६ मधील 'सुपरमॅन'च्या नभोमालिकेतील 'क्लॅन ऑफ द फायरी क्रॉस' हे सोळा भागांचे कथानक पाहावे. चित्रकथेतून आलेला उडणारा नायक, म्हणजे कल्पिताची उघड घोषणाच. त्या चौकटीत चिनी वंशाच्या एका मुलाला छळणारी, कू क्लक्स क्लॅनची ओळख न लपवणारी बुरखाधारी टोळी आणली गेली. वेल्सच्या प्रयोगात घटना असंभाव्य आणि घाट खरा. येथे घाट कल्पित आणि द्वेष खरा. बालश्रोत्यांसाठी असलेल्या या मालिकेने त्यांना खोटे न सांगता बरेच काही सांगितले.

२०१५ मधील 'द मेसेज' व 'लाइमटाउन' या पॉडकास्ट-मालिकांनी वृत्तशोधाचा घाट पुन्हा स्वीकारला. येथे श्रोता मालिका स्वतः निवडतो, पहिल्या भागापासून ऐकतो, आणि पळून जा असे त्याला कोणी सांगत नाही. वरील कसोटीवर त्या सहज उतरतात. मात्र अशा मालिकेतील दोन मिनिटांचा तुकडा सुटा होऊन हातोहात फिरू लागला, की तो ऐकणारा १९३८ च्या उशिरा आलेल्या श्रोत्याच्या जागी जाऊन बसतो. आणि तो तुकडा कापून पुढे पाठवणारा बहुधा संहितेचा लेखक नसतो.