सहा आणि सहा, पाच आणि सात

कार्बनच्या अणूत सहा इलेक्ट्रॉन; दोन शेजाऱ्यांचे मिळून बारा. बोरॉनचे पाच आणि नायट्रोजनचे सात, त्यांचेही बाराच. कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसले की ग्राफीनचा थर होतो. असे थर एकावर एक रचले की ग्राफाइट. बोरॉन नायट्राइडचे थरही तसल्याच जाळीचे, मापातला फरक दोन टक्क्यांच्या आत. बेरीज तीच, आकृती तीच. तरीही पेन्सिलीतले ग्राफाइट काळे आणि वीज वाहून नेणारे, तर बोरॉन नायट्राइडची पूड पांढरीशुभ्र आणि वीज अडवणारी.

नुसते इलेक्ट्रॉन मोजून याचा उलगडा होत नाही. या जाळीत एकाआड एक अशा दोन तऱ्हेच्या जागा असतात. ग्राफीनमध्ये दोन्हींवर कार्बनच. एका षटकोनाच्या मध्याभोवती जाळी अर्धा फेरा फिरवा. दोन्ही जागांची अदलाबदल होते, पण काही बदलल्याचे कुणालाच कळत नाही. इलेक्ट्रॉनलाही नाही! म्हणून ठरावीक संवेगाला या जागेवरच्या आणि त्या जागेवरच्या इलेक्ट्रॉन-लाटेची ऊर्जा सारखीच राहते, आणि इलेक्ट्रॉनांनी भरलेला व रिकामा असे दोन ऊर्जापट्टे एका बिंदूत टेकतात; मधे अडसर नसल्याने वीज वाहते. फिलिप वॉलेस यांनी हे १९४७ मध्येच गणिताने मांडले होते. नायट्रोजन मात्र इलेक्ट्रॉनला बोरॉनपेक्षा जास्त ओढतो. जागांची बरोबरी संपते आणि पट्ट्यांमध्ये सुमारे ६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी पडते. ती ओलांडता येत नाही म्हणून वीज अडते, आणि दृश्य प्रकाशातही ती ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते; पूड पांढरी दिसते ती म्हणूनच.

अशा बरोबरीला, म्हणजे सममितीला, आपण सौंदर्यात जमा करतो. पदार्थाच्या आत ती सक्त नियम होऊन वावरते: या दोन ऊर्जा वेगळ्या व्हायच्या नाहीत, इथे दरी पडायची नाही. पिएर क्युरी यांनी १८९४ मध्ये याची दुसरी बाजू सांगितली. एखादी घटना घडायची तर सममितीचा काही अंश गैरहजर असावा लागतो. त्यांनी आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ दाबून त्यावर विद्युतभार उमटलेला पाहिला होता. क्वार्ट्झच्या रचनेला सममितीचे केंद्र, म्हणजे ज्याच्या आरपार उलटवली तरी रचना तशीच राहते असा बिंदू, नाही. मिठाच्या स्फटिकाला आहे, म्हणून तो कितीही दाबला तरी असा भार मिळत नाही. केवढी मोठी गोष्ट एका अभावावर उभी आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता तर हा अभाव हवा तेव्हा निर्माण करता येतो. ग्राफीनचे दोन थर नैसर्गिक ग्राफाइटमध्ये असतात तसे, किंचित सरकवून एकावर एक ठेवले, तर तेही दरीविना असतात. त्यांना लंब असे विद्युतक्षेत्र लावले की वरचा आणि खालचा थर सारखे राहत नाहीत आणि दरी उघडते. २००९ मध्ये प्रयोगात ती पाव इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत रुंदावता आली. क्षेत्र काढले की थरांची बरोबरी परत येते, आणि दरी मिटते.