भार नको म्हणताना

आमच्या बडोद्यात साठी उलटलेली दोन मराठी माणसे एकत्र आली की बोलणे फिरून फिरून एकाच वाक्यापाशी येते : ‘हातपाय चालताहेत तोवर ठीक, कुणाला भार व्हायला नको.’ कमाटी बागेत सकाळी फिरताना हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे आणि तितक्याच वेळा उच्चारलेही आहे. ते इतके सोज्ज्वळ आहे की त्याची उलटतपासणी करावी असे आम्हांला कधी सुचले नाही. 2024 च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि ती करणे भाग पडले.

पण पुराकडे वळण्यापूर्वी या वाक्याची बाजू मांडणे न्यायाचे होईल, कारण ती लहानसहान नाही. शरीर आणि पैसा या दोन्हींची शिस्त आमच्या शहराला जुनी आहे. दांडिया बाजारात माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर. आणि मांडवीत 1908 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेली बँक ऑफ बडोदा. आमच्या वडिलांच्या पिढीला एकीकडून जोर-बैठकांचे वळण लागले, दुसरीकडून शिलकेचे. ते दोन्ही आमच्याकडे वारशाने आले, आणि 2005 साली निवृत्त होताना आम्ही निर्धास्त होतो.

हा निर्धास्तपणा पुढे पुष्कळ घासला गेला. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. 2005 मध्ये महिना दहा हजारांत चालणारे घर त्याच हिशेबाने वीस वर्षांनी बत्तीस हजार मागते. आमच्या निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड आहे, म्हणून आम्ही तरलो. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी तीस वर्षे खाजगी कारखान्यात काढली. त्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून जे मासिक वेतन मिळते त्याला महागाईची जोड नाही. त्या योजनेतील किमान रक्कम 2014 साली एक हजार रुपये ठरली. उरलेली भिस्त व्याजावर. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 2004 साली नऊ टक्क्यांनी सुरू झाली. 2023 च्या एप्रिलपासून तिचा दर 8.2 टक्के होता आणि ठेवीची मर्यादा तेव्हाच पंधरा लाखांवरून तीस लाखांवर गेली. मात्र मर्यादा वाढल्याने ज्याच्याजवळ तीस लाख नाहीत त्याला काय मिळाले, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

शरीराचा हिशेब याहून रोकडा. साठीनंतर स्नायू झडू लागतात आणि त्याची वर्दी बहुधा न्हाणीघरातील पडण्यानेच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीपुढच्या माणसांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचे मध्यम श्रम सांगितले. त्याखेरीज दोन दिवस बळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम. आपण सारे चालण्यावरच समाधान मानतो. आखाड्यातल्या वस्तादांना बैठकांचे महत्त्व कुणी सांगावे लागत नव्हते. खुर्चीच्या हाताला न धरता उठता येणे ही म्हातारपणी लहान संपत्ती नव्हे.

घराविषयीही आमचे मत ठाम आहे. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने आमच्या पिढीला एवढे तरी शिकवले की हयातीत सर्वस्व वाटून मोकळे होऊ नये. 2007 च्या कायद्याने, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याची वाट करून दिली आहे. परंतु पोटच्या मुलाला लिहून देताना तशी अट घालायला कुणाची लेखणी धजावते? आम्ही घर आमच्याच नावावर ठेवले आहे आणि त्याची आम्हांला लाज वाटत नाही.

म्हणजे पैसा राखावा, प्रकृती राखावी, याविषयी वाद नाही. वाद आहे तो ‘कशासाठी?’ या प्रश्नाच्या उत्तराचा. ‘कुणाची गरज लागू नये म्हणून’ हे जे उत्तर आम्ही इतकी वर्षे देत आलो, ते आमच्याच डोळ्यांदेखत पाण्यात गेले.

आम्ही उभयता समा भागात तळमजल्यावर राहतो. त्या रात्री नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि पहाटे पाणी आमच्या उंबऱ्यात आले. वीज गेली, फोनची रेंज येईना-जाईना झाली. बँकेत आमचे पैसे होते, पण त्यांनी त्या दिवशी एक लिटर दूधही मिळाले नसते. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबातील दोघा मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट वर नेले. तीन दिवस आम्ही त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या गाद्यांवर झोपलो. त्यांनी जे केले त्याला ‘भार’ हा शब्द लावण्याचे त्यांच्या मनातही आले नसावे.

दुसऱ्या दिवशी रेंज आली तेव्हा टोरांटोहून चिरंजीवांचा फोन आला. ‘पाणी कितपत आहे?’ आम्ही म्हणालो, ‘रस्त्यावर थोडेफार. आम्ही मजेत आहोत.’ अंधारात, परक्याच्या घरात, ओल्या कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन आम्ही हे वाक्य उच्चारले. आणि खरे सांगायचे तर उच्चारताना आम्हांला थोडा अभिमानही वाटला. चार दिवसांनी शेजारच्या मुलाने टिपलेली चित्रफीत फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचली. खुर्ची, खुर्चीत त्याची आई, जिन्याच्या पहिल्या पायऱ्यांवर पाणी.

तो रागावेल अशी आमची अपेक्षा होती. तो बराच वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, ‘बाबा, आजी चार वर्षं अंथरुणाला होती. तुम्ही तिचं सगळं केलंत, मी पाहिलंय. तिनं कधी तुम्हांला “मी मजेत आहे” म्हणून फसवलं नाही. मग तुम्ही मला का फसवता?’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आईचे आजारपण 1996 साली तिच्याबरोबर संपले. ती चार वर्षे सोपी होती असे आम्ही म्हणणार नाही. रात्रीची जागरणे, सौभाग्यवतींची ओढाताण, आईचा हेका, क्वचित आमचा चढलेला आवाज, हे सारे आठवते. ते कष्ट होते, यात शंका नाही. पण कुणी त्यांना ‘भार’ म्हटले असते तर तो आम्हांला अपमान वाटला असता. आईचा आणि आमचाही. मग जो शब्द आईच्या बाबतीत आम्ही सहन केला नसता, तोच स्वतःच्या बाबतीत विनय म्हणून मिरवतो, तो का? विचार करता असे वाटते की त्यात विनय थोडा आणि अहंकार अधिक आहे. देणारा हात आपला असावा, घेणारा कधी असू नये, ही ती इच्छा. शिवाय तिच्यात मुलावर एक मूक आरोपही आहे : तुला आमचे करणे जड जाईल, हे आम्ही धरूनच चाललो आहोत.

दुसरी बाजू आम्ही विसरलेलो नाही. मुले दूर आहेत, त्यांच्या नोकऱ्या, त्यांची कर्जे, त्यांची मुले. ज्या घरात पैशाची ददात असते तिथे आजारपण नात्याला पोखरते, औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवर हिशेब सुरू होतो. म्हणूनच शिल्लक हवी. परंतु तिचे काम नात्यातून हिशेब बाहेर ठेवणे हे आहे. नात्याची जागा घेणे हे तिचे काम नव्हे, आणि ते तिला जमतही नाही.

यातच आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगायला थोडी अवघड आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बेन बारा वर्षे येत आहेत. त्या येतात म्हणून आम्ही ‘स्वतंत्र’ राहतो. म्हणजे ज्याला आम्ही स्वावलंबन म्हणत होतो ते पगार देऊन घेतलेले परावलंबनच होते. पुरात नदीकाठची त्यांची खोली गेली. धान्य, शिवणयंत्र, कपडे, सारे. त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे. अटल पेन्शन योजना 2015 साली आली तेव्हाच त्यांचे वय चाळिशीच्या वर होते, आणि त्या योजनेचे दार चाळिशीला बंद होते. साठीनंतर दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी जे मासिक निवृत्तिवेतन मिळू शकेल, त्यात केंद्राचा वाटा दोनशे रुपयांचा. राज्य त्यात आपली भर घालते, तरी हिशेब हजाराच्या आसपासच राहतो. आमच्या म्हातारपणाच्या तजविजीत त्यांच्या म्हातारपणाचे कलम वीस वर्षांत एकदाही आले नव्हते.

आता दर रविवारी चिरंजीवांचा फोन येतो तेव्हा रक्तदाबाचे आकडे जसेच्या तसे वाचून दाखवतो. गेल्या हिवाळ्यात तो तीन आठवडे येऊन राहिला, आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे खेटे घातले, आणि आमच्याशी दोनदा भांडलाही. बेनच्या नावे पोस्टात आवर्ती ठेव उघडली आहे. हप्ता आम्ही भरतो. पहिल्या महिन्यात पासबुक त्यांच्या हाती दिले, तर त्यांनी ते उलटून पाहिले आणि परत केले. म्हणाल्या, ‘तुमच्याकडेच राहू द्या, काका. घरी नेलं तर मुलगा मागेल, आणि मला नाही म्हणवणार नाही.’

ते आमच्या कपाटात, आमच्या कागदांच्या पिशवीत ठेवले आहे.